मेटल ऐकणाऱ्याने मत कुणाला द्यावं?

गेल्या महिन्याभरात दोन माणसांनी मला दोन उलट प्रश्न विचारले. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, "काका, तू एवढं मेटल ऐकतोस, म्हणजे तू डावाच असणार ना?" आणि आमच्या जुन्या कट्ट्यावरचा एक मित्र वैतागून म्हणाला, "अरे, गाणी ऐक ना गुपचूप. त्यात राजकारण कशाला घुसडतोस?" एकाला वाटतं, हे संगीत ऐकणाऱ्याचं राजकारण ठरलेलंच असतं. दुसऱ्याला वाटतं, या संगीताचा राजकारणाशी संबंधच नाही. मला विचाराल तर दोघांचंही चुकतंय. तोंडी सांगायला गेलं की चहा संपतो आणि विषय भरकटतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडंसं. (आत्या, हे खास तुझ्यासाठी. दर गणपतीत विचारतेस ना, "तो माणूस एवढा का ओरडतोय?") हेवी मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. जड, खर्जातली गिटार, तिचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, त्याला म्हणतात रिफ. खाली ड्रम्स. ढोलताशा पथकाच्या शेजारी उभं राहिल्यावर छातीत जे होतं, साधारण तसं काहीतरी होतं. विषय मात्र चंद्र, पाऊस आणि प्रेम हे नसतात. युद्ध, वेड, मरण, सैतान, अणुबॉम्ब, फसवणूक असा सगळा अमंगळ मामला. आणि गंमत म्हणजे हे ऐकून माणूस शांत होतो. निदान मी तरी होतो. मित्राच्या मोठ्या भावाने हॉस्टेलवरून डब करून आणलेल्या टीडीकेच्या कॅसेटपासून आजपर्यंत.

आता मुद्दा. "मेटलमध्ये राजकारण आणू नका" म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. टोनी आयोमीच्या बोटांची.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. तिथल्या ॲस्टन भागातल्या कामगार घरांतल्या चार पोरांनी १९६८ मध्ये जो बँड काढला तो पुढे ब्लॅक सॅबथ झाला. ऑझी ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. वय वर्षं सतरा, कारखान्यातला शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून गिटार हाच धंदा करायचा असं ठरलेलं. त्या दिवशी प्रेसवरची नेहमीची बाई आली नाही म्हणून ज्याने ते मशीन कधी चालवलं नव्हतं त्या टोनीला तिथे उभं केलं. मशीन हातावर आलं. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा, आणि नेमकी त्याच हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पुढे कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा जिप्सी गिटारवादक, आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेली असताना तसा वाजवायचा. मग टोनीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. तिसऱ्या अल्बमपर्यंत, म्हणजे १९७१ मध्ये, तारा आणखी सैल करून सूर खाली उतरवला. त्याने बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज आणखी जड झाला. जगभरातले मेटल बँड पन्नासेक वर्षं जो आवाज वाजवतायत, त्यात एका कारखान्यातल्या अपघाताचा वाटा आहे.

माझे थोरले काका भोसरीला एका प्रेसशॉपमध्ये होते. पॉवर प्रेसवर त्यांची दोन बोटं गेली. नंतर त्यांना स्टोअरला बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत ते पावत्या लिहीत राहिले. काका भजनाला टाळ धरायचे, इंग्रजी गाणं त्यांनी आयुष्यात ऐकलं नसेल. एकदा त्यांना मी टोनी आयोमीची ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मला वाटलं आता म्हणतील, "वा, जिद्दी आहे हो पोरगा." ते म्हणाले, "मशीनला गार्ड नव्हता का?"

हेवी मेटलवरची याहून नेमकी प्रतिक्रिया मी आजवर कुठे वाचलेली नाही. आपण सगळे जिद्दीची गोष्ट सांगतो, काकांनी थेट विचारलं की मशीनला गार्ड का नव्हता. हे राजकारण नाही तर काय आहे?

आणि ब्लॅक सॅबथलाही हे कळत होतं. १९७० च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं 'वॉर पिग्ज'. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. ब्रिटनने तिथे फौज पाठवलेली नव्हती, पण ॲस्टनच्या पोरांना एवढं समजत होतं की लढाई पुकारणारे वेगळे असतात आणि मरायला जाणारे वेगळे, आणि मरायला जाणारे सहसा गरिबांघरचे असतात. शब्द गीझर बटलरचे. अल्बमचं नावही 'वॉर पिग्ज'च ठेवायचं होतं. रेकॉर्ड कंपनीने ते बदलून 'पॅरॅनॉइड' केलं, पण कव्हरचा फोटो आधीच काढून झाला होता. म्हणून त्या कव्हरवर आजही ढाल-तलवार घेतलेला एक विचित्र माणूस धावतोय, ज्याचा अल्बमच्या नावाशी काडीचाही संबंध नाही.

पुढची यादी मोठी आहे, सगळी देत बसत नाही. आयर्न मेडनचं 'रन टू द हिल्स' (१९८२) अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीबद्दल आहे आणि त्यात दोन्ही बाजू बोलतात, मरणारी आणि मारणारी. मेटालिकाचं 'वन' (१९८८) हात, पाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावलेल्या सैनिकाबद्दल. ते डाल्टन ट्रम्बोच्या १९३९ च्या कादंबरीवरून सुचलेलं. हा ट्रम्बो नंतर अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेला. ब्राझीलच्या सेपुल्चुराने १९९३ मध्ये 'केऑस ए. डी.' काढला, त्यात साव पावलोच्या तुरुंगात १९९२ मध्ये झालेल्या कैद्यांच्या हत्याकांडावर एक अख्खं गाणं आहे. "राजकारण घुसडू नका" म्हणायचं तर यातलं काय काय गाळायचं? रिफ तेवढे ठेवायचे?

राजकारण्यांना तर हा संबंध केव्हाच कळला होता. १९८५ मध्ये अमेरिकेत बड्या नेत्यांच्या बायकांनी एक संस्था काढली, पीएमआरसी. त्यात डेमोक्रॅट सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर होत्या आणि रीगनचे अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझनही होत्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष या एका बाबतीत एकत्र. पोरं बिघडवणाऱ्या पंधरा गाण्यांची यादी निघाली. १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर लांब कुरळे केस सोडून, बिनबाह्यांचं जॅकेट घालून आला. सगळ्यांना वाटलं आता तमाशा. त्याने खिशातून कागद काढला आणि शांतपणे वाचलं की मी विवाहित आहे, मला तीन वर्षांचा मुलगा आहे, मी दारू-सिगरेटला शिवत नाही, आणि ज्या गाण्यात तुम्हाला विकृती दिसली ते आमच्या गिटारिस्टच्या घशाच्या ऑपरेशनबद्दल आहे. मी तो व्हिडिओ कितीही वेळा बघू शकतो. पुढची गंमत अशी की त्या पंधरांत त्याचं जे गाणं 'हिंसक' म्हणून होतं, तेच पुढे श्वार्झनेगरपासून ट्रम्पपर्यंत अनेकांनी प्रचाराला वाजवलं. गाणं तेच. ३० वर्षांत ते घातकाचं प्रचारगीत झालं.

इथपर्यंत वाचून पुतण्या खूश झाला असेल. थांब जरा, बाळा.

कारण याच घराण्यात नॉर्वेची ती मंडळीही आहेत, ज्यांनी १९९२ पासून शेकडो वर्षं जुनी लाकडी चर्चेस जाळली. त्यांच्यातल्या एकाने १९९३ मध्ये दुसऱ्याचा खून केला आणि नंतर तो उघड वंशवादी लेखन करत राहिला. पँटेराच्या फिल अन्सेल्मोने जानेवारी २०१६ मध्ये भर स्टेजवर नाझी सलाम ठोकला. आइस्ड अर्थ या बँडचा संस्थापक ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन संसदेच्या इमारतीत घुसलेल्या जमावात होता आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. बँडमधले काही लोक लवकरच सोडून गेले. आणि ज्या मेटालिकाने 'वन' लिहिलं, त्यांचीच गाणी अमेरिकन सैन्य इराकमध्ये कैद्यांना झोपू न देण्यासाठी कर्कश आवाजात वाजवत होतं, अशा बातम्या २००३ मध्ये आल्या. म्हणजे तेच संगीत, मला शांत करणारं, दुसऱ्या कुणाचा छळ करायला वापरलं गेलं.

पण मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते इंडोनेशियाच्या जोको विडोडोंनी. हा माणूस खराखुरा मेटलहेड. नेपाम डेथचा टी-शर्ट घातलेला त्यांचा फोटो आहे. जकार्ताचे गव्हर्नर असताना २०१३ मध्ये मेटालिकाच्या रॉबर्ट त्रुहियोचा बास त्यांना भेट आला. त्यांनी तो घरी न नेता भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे जमा केला, आणि आयोगाने ठेवूनच घेतला! पुढे राष्ट्राध्यक्ष असताना डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी 'मास्टर ऑफ पपेट्स'चा बॉक्स सेट भेट दिला, तर तोही जमा केला आणि मग स्वतःच्या खिशातून सरकारला पैसे भरून सोडवून घेतला. असा राजकारणी आपल्याकडे असता तर आपण पालखीतून मिरवला असता.

२०१५ मध्ये याच राष्ट्राध्यक्षांसमोर अमली पदार्थांच्या गुन्ह्यात देहदंड झालेल्यांचे दयेचे अर्ज होते. नेपाम डेथच्या बार्नी ग्रीनवेने त्यांना पत्र लिहिलं की तुम्ही आमचे चाहते आहात, आमची गाणी कशाबद्दल आहेत तुम्हाला माहीत आहे, या माणसांना मारू नका. टोनी आयोमीनेही पत्र लिहिलं. हो, तोच, बोटांवर टोपणं घालणारा. २९ एप्रिल २०१५ ला आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

जे जगभरच्या चाहत्यांचं स्वप्न असतं, की आपल्यातलाच एक सत्तेवर बसावा, ते इथे खरं झालं होतं. माणूस भेटवस्तूंच्या बाबतीत प्रामाणिकही होता. आवडता बँड दारात येऊन विनवत होता. उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानच्या पंतप्रधान झालेल्या साने ताकाइची यांचंही असंच. कॉलेजात ड्रम्स वाजवायच्या, आवडते बँड डीप पर्पल, आयर्न मेडन वगैरे. आणि राजकारणातला आदर्श कोण, तर मार्गारेट थॅचर. १९८० मध्ये आयर्न मेडनने एका सिंगलच्या कव्हरवर त्यांचा तो भुतासारखा एडी काढला होता, हातात सुरी आणि पायाशी पडलेल्या थॅचरबाई. ताकाइची बाईंना दोन्ही आवडतात, आणि त्यांना त्यात काही अडचण दिसत नसावी.

मग मी या निष्कर्षाला आलो की गाणं ऐकताना आपण त्यात कुठे उभे असतो, हा खरा प्रश्न आहे. 'वॉर पिग्ज' ऐकताना आपण सगळे त्या मरायला पाठवलेल्या पोराच्या जागी असतो. हुकूम सोडणाऱ्याच्या जागी कुणीच स्वतःला बघत नाही. राष्ट्राध्यक्षही नाही. त्यांच्याही डोक्यात आपण सोळा वर्षांचे, जगावर चिडलेले, कॅसेट लावून बसलेले असतो. 'रन टू द हिल्स' मला म्हणूनच जास्त मोठं गाणं वाटतं. त्यात घोड्यावर बसून मारत सुटलेल्याच्या तोंडीही कडवं आहे, आणि कॉन्सर्टला आपण तेही तितक्याच जोशात गातो.

हे लांबचं झालं. आता जवळचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

वर ज्या मित्राचा उल्लेख केला तो आणि मी १ फेब्रुवारी २००८ ला बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला आयर्न मेडन एकत्र पाहिलं. त्यांच्या त्या जगप्रसिद्ध टूरचा पहिलाच शो मुंबईत होता, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन आलेला. घसे बसलेले, मान अवघडलेली, अशा अवस्थेत आम्ही दोघं पहाटे वडापाव खात पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. त्याच मित्राशी माझं सप्टेंबर २०२४ मध्ये कडाक्याचं भांडण झालं. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारातला आरोपी खटला सुरू व्हायच्या आत पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. मित्रानेही कट्ट्यावर पेढे आणले. मी घेतला नाही. मी म्हटलं, "तू वीस वर्षं ज्या अल्बमचा टी-शर्ट घालतोयस त्यावर काय आहे बघ." टी-शर्ट मेटालिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'चा. कव्हरवर न्यायदेवतेचा पुतळा, दोरांनी बांधलेला, तागडीत नोटा.

तो म्हणाला, "बघितलंय. न्यायदेवता बांधलेलीच आहे. कोर्टात वीस वर्षं जातात, पैसेवाले सुटतात. म्हणूनच पेढे आणलेत." आणि मग हळू आवाजात, "माझी मुलगी शिशुवर्गात आहे रे."

त्याची मुलगी मला माहीत आहे, माझ्या मांडीवर बसून तिने शिंगांची खूण करायला शिकली आहे. एकच कव्हर. त्याला त्यात तुंबलेली कोर्टं दिसतात, मला खटल्याआधी सुटलेली गोळी. आणि त्याचं वाचन खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. मात्र मी त्याला एवढं विचारलं, आणि अजून विचारतो, की आज ज्याच्या हातात पिस्तूल आहे त्याच्यावर तुझा एवढा विश्वास कुठून आला? आपण दोघं ज्या गाण्यांवर वाढलो त्यांतलं एकही गाणं हा विश्वास शिकवत नाही.

कट्ट्यावरच्या आणखी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "असल्या माणसाबरोबर तू मेडन कसं ऐकू शकतोस?" याचं उत्तर मी सिस्टम ऑफ अ डाउनकडे बघून देतो. चौघंही अर्मेनियन वंशाचे. गायक सर्ज टँकियन पक्का डावा, ड्रमर जॉन डोलमायन २०२० मध्ये उघडपणे ट्रम्पच्या बाजूने. वर दोघं एकमेकांचे साडू! जाहीर मतभेद. १५ वर्षांत बँडचं एक नवं गाणं नव्हतं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अर्मेनियन लोकांसाठी मदत गोळा करायची म्हणून चौघं एकत्र आले आणि दोन गाणी काढली. मत कुणाचंच बदललं नाही. ते एकत्र वाजवतात, आणि सर्ज आपलं म्हणणं सोडत नाही, जॉनही नाही.

मलाही एवढंच जमतं. मित्राला सोडणार नाही आणि पेढाही घेणार नाही.

तर पुतण्या, तुझं उत्तर. मेटल ऐकून कुणी डावा होत नाही, उजवा होत नाही, चांगलाही होत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आमच्या कट्ट्यावरच्या सहा जणांनी निदान चार पक्षांना मतं दिली असतील, आणि पक्ष इतके फुटलेत की आकडा जास्तही असेल. मत कुणाला द्यायचं हे गाणं सांगत नाही. गाण्याने मला एक सवय लावली, ती अशी की कुणीही मोठ्या आवाजात काही हुकूम सोडला की याची किंमत कोण मोजणार आहे, हे आधी विचारायचं. काकांनी विचारलं तसं. आणि तो हुकूम माझ्या आवडत्या नेत्याने सोडला असेल तेव्हा तर जास्तच विचारायचं. ही सवय सोडली तर उरतात फक्त काळे टी-शर्ट, आणि ते काय, राष्ट्राध्यक्षांकडेही असतात.

असो. बरंच लांबलं. ज्यांनी आजवर यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी 'वॉर पिग्ज'पासून सुरुवात करावी. आठ मिनिटांचं आहे, त्यात ओरडणं जवळजवळ नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, लहानपणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ऑझीने सिंहासनावर बसून ते शेवटचं गायलं. उभं राहायची ताकद नव्हती. २२ जुलैला तो गेला. त्या कार्यक्रमाचे पैसे हॉस्पिटलांसारख्या धर्मादाय कामांसाठी होते. आत्या, तू तो व्हिडिओ बघच. आवाज थोडा कमी ठेव, पण अगदीच कमी नको.